चिखलीत मिळते तीच तार

बाबा, मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला मी कधी धड सांगितलं नाही. तुम्ही दोनदा विचारलं होतं. एकदा मी पुण्याहून दिवाळीला आले होते तेव्हा, आणि एकदा फोनवर. दोन्ही वेळा मी ‘वेबसाइट बनवते’ म्हणून विषय संपवला, आणि तुम्हीही ‘बरं बरं’ म्हणून जेवण झालं का ते विचारलंत. अमडापूरच्या बाजारात मात्र तुम्ही येईल त्याला सांगायचात की पोरगी कम्प्युटरवर हाय. जणू कम्प्युटर हे एखादं तालुक्याचं गाव आहे आणि माझी तिथं बदली झालेली आहे. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मला समजावून सांगायची बरीच सवय लागली, कारण या धंद्यात रोज कुणाला तरी सांगावंच लागतं. तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगते.

फोनवर जे पान दिसतं ते नुसतं तोंड असतं, बाबा. शेतात नळाला पाणी येतं ते विहिरीतल्या मोटारीमुळे. तसं त्या पानामागं दूर कुठंतरी एका मोठ्या कम्प्युटरवर आमची मोटार चालू असते. कुणी नाव भरलं, कुणी नंबर लावला, की ती माहिती शोधते, जपून ठेवते आणि उत्तर पाठवते. ही मोटार बांधायच्या भाषा आणि तऱ्हा पुष्कळ आहेत. पीएचपी आहे, पायथन आहे, जावा आहे, नोड आहे. प्रत्येकीचे भक्त आहेत आणि ते एकमेकांशी असे भांडतात की गावच्या निवडणुकीत उभे राहिलेले बरे. नवीन काम हातात आलं की आधी हेच ठरवावं लागतं, आणि एकदा ठरलं की चार-पाच वर्षं तरी त्यातून सुटका नसते. गेल्या वर्षी मी अशी एक निवड केली. मला तिचा अभिमान वाटतो. आढेवेढे न घेता सांगते, फार अभिमान वाटतो.

पण ती निवड माझी एकटीची नाही, म्हणून दुकानापासून सुरुवात करायला हवी. बाजाररस्त्यावरचं तुमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, पुढं पत्रा, मागं पाणी झिरपणारी भिंत. जळलेली मोटार मोटारसायकलला आडवी बांधून यायची, आणि ती उघडली की जळक्या तारेचा जो वास सुटायचा तो मला अजून कुठंही आला तरी मी थांबते. तुम्ही जुनी कॉइल कापून काढताय, मी पाटावर बसून तिचे वेढे मोजतेय. मग नवी तार लाकडी साच्यावर गुंडाळायची. तुम्ही हँडल फिरवताय, मी मोठ्यानं आकडे म्हणतेय, आणि मध्येच एखादं गिऱ्हाईक बोलायला लागलं की तुम्ही त्याला नुसत्या हातानं गप्प करताय. पावसाळ्यात दुकान गळायचं, म्हणून वार्निश मारलेली मोटार सुकवायला घरी यायची, थेट स्वयंपाकघरात. तिच्या पोटात दोनशेचा बल्ब लावून ठेवायचा. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता त्या मोटारीकडं बघून विचारायची की हिले बी वाढू का आता एक. तुम्ही हसायचात आणि मोटार थोडी सरकवून आईला जागा करून द्यायचात.

मोटार शेतात बसवून झाली की शेवटचं काम तुम्ही स्वतःच करायचात. भिंतीवर जो स्टार्टरचा डबा असतो, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं आणि बारीक ब्रशनं सगळं लिहायचं. किती वेढे, कितव्या नंबरची तार, कोणतं बेअरिंग, कोणत्या महिन्यात बांधली. आपल्या भागात असं दुसरं कुणी करत नव्हतं. बाकीचे मेकॅनिक हे सगळं आपापल्या वहीत लपवून ठेवायचे, कारण वही ज्याच्याकडं त्याच्याकडंच गिऱ्हाईक परत येणार. दुसऱ्यानं मोटार उघडलीच तर त्याला जळलेल्या कॉइलचे वेढे मोजत बसावं लागे, आणि आधीच्यानं मनानं काही कमीजास्त केलं असेल तर तेही फुकट. तुमची दुसरी एक खोड होती. कंपनीचे एजंट नव्या नव्या तारांचे नमुने घेऊन यायचे, चांगल्याही असायच्या त्या. तुम्ही हातात घेऊन बघायचात, कौतुक करायचात आणि परत करायचात. चिखलीच्या दुकानात जी तार मिळत नाही ती शेतकऱ्याच्या मोटारीत घालायची नाही, हा तुमचा नियम. कारण ऐन हंगामात ती तुटली तर तो बिचारा कुठं शोधत फिरणार.

यावरून मी तुमच्याशी भांडले होते. पुण्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि मला जगातलं सगळं कळू लागलं होतं. सुट्टीत आले तर कळलं, की तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं मोटार दुसरीकडं नेली आणि त्या मेकॅनिकनं शेतातल्या झाकणावरचं उतरवून घेऊन अर्ध्या दिवसात बांधूनही दिली. त्याच दिवशी आपण एका मळ्यात होतो. विहीर अशा माणसाची, ज्याच्या वडिलांनी माझ्या आजोबांना कधी त्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू दिला नव्हता. आता तीच विहीर तुमच्याशिवाय चालत नव्हती, आणि तुम्ही डब्यात डोकं घालून लिहीत बसला होता. मला राहवलं नाही. म्हणाले, बाबा, तुम्ही स्वतःच्याच पोटावर पाय देताय. तुम्ही ब्रश थांबवला नाही. म्हणालात, “खामगावले शिकाले होतो तवा उस्ताद वही लिहिताना हात आडवा धरे. ते चोरून पाहाले मले दोन वर्सं लागले. आपल्याले कोनी दाखवलं नाई म्हणून आपनबी लपवाचं का?” मी गप्प झाले नाही. पुन्हा काहीतरी धंद्याचं बोलले. तेव्हा तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, “गव्हाले पानी पाह्यजे, माय. ते माह्याच हातचं पाह्यजे असं गहू म्हणते का?” मला त्या वेळी रागच आला. पुण्याला परत जाऊन मैत्रिणीला मी सांगितलं, की माझ्या वडिलांना व्यवहार कळत नाही. हे वाक्य मी खरोखर बोलले आहे.

तुम्ही गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून मी परत आले आणि चिखलीत ऑफिस थाटलं. एक खोली, तीन टेबलं. पहिलं मोठं काम मिळालं ते एका शिक्षणसंस्थेचं. प्रवेशाचे अर्ज फोनवरून भरता यावेत, अशी वेबसाइट. मी पुण्याहून नुकतीच आलेली, अंगात मस्ती होती. तिकडं जे सगळ्यात नवीन चालू होतं ते वापरलं, नोड आणि त्यावर माझी स्वतःची अशी एक बांधणी. नोडचा काही दोष नाही, जगभर मोठमोठी कामं त्यावर चालतात. दोष माझा. मला असं काहीतरी करायचं होतं की जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमू नये, आणि ते मी करून दाखवलं. एक ओळ लिहून ठेवली नाही. कुठं काय आहे ते माझ्या डोक्यात होतं, आणि प्रवेशाच्या आठवड्यात ते डोकं डेंग्यूच्या तापात बुलडाण्याच्या दवाखान्यात पडलं होतं.

वेबसाइट बंद पडली. संस्थेच्या हेडक्लार्कनी चार जणांना आणून दाखवली, चौघांनीही हात वर केले. शेवटी कागदी अर्ज छापून घेतले आणि आईबाप लेकरांना घेऊन उन्हात रांगेत उभे राहिले. कामं बुडवून आलेले लोक, बाबा. बरी होऊन मी माफी मागायला गेले तेव्हा हेडक्लार्क रागावले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, “म्याडम, काम तुमचं लय भारी हाय. पन तुमच्याबिगर ते कोनाले खुलत नाई.” त्यांना बहुधा तारीफच करायची होती. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि स्टँडपर्यंत पायी गेले. खामगावचा तुमचा उस्ताद वहीवर हात आडवा धरून बसलेला मला स्पष्ट दिसत होता, आणि तो हात माझा होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता गेल्या वर्षीचं. संग्रामपूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. सोयाबीन आणि हरभरा साफ करायचं, प्रतवारी करायचं त्यांचं केंद्र आहे. हंगामात तिथं ट्रॅक्टरांची अशी रांग लागायची की लोक दोन-दोन दिवस ट्रॉलीखाली झोपायचे. त्यांना वेबसाइट हवी होती. घरूनच नंबर लावायचा, आपली पाळी फोनवर दिसायची, आणि त्या वेळेलाच माल घेऊन निघायचं. आमच्या तिघांसाठी हे आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. ते मिळालं नसतं तर मला ऑफिस बंद करून पुन्हा नोकरी शोधावी लागली असती, हे तिघांनाही ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मोटार कोणती बांधायची यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. माझ्याकडं काम करणारी मुलगी पायथनच्या बाजूची. पुढं मालाच्या आवकेचे अंदाज बांधायला सोपं जाईल म्हणाली. मुलगा नोडच्या बाजूचा. सकाळी एकदमच शेकडो लोक नंबर लावतील, ते नोड सहज झेलतं म्हणाला. दोघांचंही खरं होतं. मी सगळं ऐकून घेतलं, कागदावर लिहून काढलं, आणि मग तीन दिवस नुसते फोन केले. मलकापूर, मोताळा, खामगाव, संग्रामपूर. कम्प्युटर क्लासवाले, कॉलेजातले सर, घरून कामं करणारे, मिळेल त्याला विचारलं की तुमच्याकडं वेबसाइटचं काम कोण करतं आणि कशात करतं. बहुतेकांनी पीएचपी सांगितलं. पायथनवाले दोघं निघाले. नोड चांगलं येणारा एकच होता आणि तो पुढच्या महिन्यात हैदराबादला निघाला होता. पीएचपीत हे काम नीट होईल का, सकाळची गर्दी झेलता येईल का, तेही आम्ही करून बघितलं, आणि झेलता येत होती. मी पीएचपी ठरवलं. मुलगा हिरमुसला. म्हणाला, ताई, जुनं आहे ते, पुण्यात हसतील आपल्याला. मी त्याला सांगितलं की ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणून मी पुण्याला सहा वर्षं हसवून आले आहे, आता त्यांना नवीन काही राहिलेलं नाही.

मग आली संग्रामपूरची बैठक. गोडाऊनला लागून एक हॉल, भिंतीला टेकवलेली पोती, समोर संचालक मंडळ. आमच्याशिवाय पुण्याची एक कंपनी आली होती. त्यांच्या माणसानं पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली, आणि माझं बोलणं झाल्यावर अगदी सौजन्यानं म्हणाला की पीएचपी आता जुनं झालंय, पण छोट्या कामांना चालतं. तेवढ्यात संचालकांमधल्या एक वयस्क बाई, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी हात वर केला आणि आम्हा दोघांनाही एकच प्रश्न टाकला, “वाईट नका वाटून घेऊ, पन उद्या तुमी नसले तं आमाले कोन पाहाते?” पुण्याच्या माणसानं सांगितलं की त्यांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडं पाहिलं. मी फायलीतून कागद काढला. त्यावर मी फोन करून जमवलेली नावं होती, कोण कुठं राहतं, काय काय येतं आणि नंबर काय. तोवर मी शहरी मराठीत बोलत होते. ती कधी गळून पडली मला कळलंच नाही. म्हणाले, “मी नसली तं हे लोकं खोलतीन. तुमच्या संग्रामपुरातच दोघं हायत. काय कुठं हाय ते सगळं मी मराठीत लिहून देईन, पहिल्या पानावर. चाव्या, म्हंजे पासवर्ड, तुमच्याच कपाटात राहतीन.”

अध्यक्षांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “म्हंजे तू आपल्या हातानं आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याले देऊन राह्यली?” मी म्हणाले, “देऊन नाई राह्यली. तुमाले मोकळं ठेवून राह्यली.” मग त्यांनी विचारलं की हे कुठं शिकली, आणि मी सांगितलं, घरी. बाबा, तो एक शब्द मी ताठ मानेनं सांगितला. पुण्याच्या माणसानं निघताना माझ्याशी हात मिळवला, तोही चांगला माणूस होता. काम आम्हाला मिळालं.

हंगामात मी मुद्दाम बघायला गेले. केंद्राच्या फाटकाशी चार ट्रॅक्टर, बस्स. लोक आपापल्या वेळेला येत होते, माल उतरवून दुपारच्या जेवणाला घरी जात होते. एक आजोबा तेवढे पाळीच्या तीन तास आधीच येऊन बसले होते. त्यांचा फोनवर विश्वास नव्हता. चहा पीत ते दर पाच मिनिटांनी फोन बघायचे, मग फाटक बघायचे, आणि शेवटी दोन्हीचं जुळलं तेव्हा जरा नाराजच झाल्यासारखे वाटले. ती मोटार कोणत्या भाषेत बांधली आहे हे तिथं एकालाही माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मी तिथं उभी राहून छाती भरून श्वास घेतला. तुम्ही असतात तर तुम्हाला मागच्या सीटवर बसवून घेऊन गेले असते, आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला असतात की पोरगी कम्प्युटरवर हाय.

या वर्षी कंपनीच्या मॅनेजरनी फोन केला. फार अवघडून बोलत होते. म्हणाले, तुमच्या यादीतल्या संग्रामपूरच्या ताई ऑफिसपासून पाच मिनिटांवर राहतात, काही अडलं तर लगेच येतात, तर यापुढं देखभालीचं काम त्यांच्याकडं द्यावं असं मंडळाचं म्हणणं आहे. मी म्हणाले, अवश्य द्या, यादी त्यासाठीच दिली होती. ती मुलगी लहान लेकरू सांभाळून घरून काम करते. तिचं नाव यादीत मीच लिहिलं होतं, दुसऱ्या नंबरवर. काम हाती घेतल्यावर तिनं मला मेसेज केला, की ताई, तुम्ही लिहून ठेवलेलं वाचून अर्ध्या दिवसात सगळं समजलं, आणि एक नवीन गोष्ट जोडली आहे, चुकलं असलं तर सांगजा. तिनं असं केलं होतं की ज्यांच्याकडं असा फोन नाही त्यांचा नंबर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता यावा. मी ते उघडून तपासलं. खरं सांगायचं तर मी चूक शोधत होते. दोन तास शोधली. एकही सापडली नाही. उलट हे आपल्याला का सुचलं नाही, एवढंच सापडलं. मी बांधलेली मोटार दुसऱ्याच्या हातात चालू राहिली, आणि माझ्या हातात होती त्याहून बरी चालू लागली. मला हेच हवं होतं आणि हेच झालं. याहून मोठं काम माझ्या हातून अजून झालेलं नाही.

तुमचं गिऱ्हाईक असं गेलं, तेव्हा तुम्हाला आतून काय वाटायचं, बाबा? मळ्यात मी भांडले तेव्हा तुम्ही गव्हाचं बोललात, तुमचं स्वतःचं काही बोलला नाहीत. आणि मीही विचारलं नाही, कारण मला धंदा शिकवायची घाई होती. हे आता कुणाला विचारू?

हे पत्र कुठं टाकायचं नाही. ऑफिसच्या कम्प्युटरवर पडून राहील. आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण पुढचं ऐकलं तर ती मला चांगलंच सुनावेल. त्या मुलीचा मेसेज सोमवारी सकाळी आला होता आणि मी तो तेव्हाच वाचला होता. छान केलंस, शाबास, असं उत्तर मी तिला शुक्रवारी पाठवलं, आणि वर लिहिलं की गावाला गेले होते, तिकडं रेंज नव्हती. मी कुठंच गेले नव्हते, बाबा. पाच दिवस इथंच होते, फोन समोर ठेवून.